दोन लाल, मग अंधार

"मी नाई लावत."

"लावत नाहीस म्हणजे काय, पूनमसिंग? दिवा भाऊसाहेबांचा, जीप भाऊसाहेबांची. तुला फक्त चार वायरी जोडायच्यात."

"वायरी जोडून देतो ना. पिवळा दिवा लावतो, हिरवा लावतो. म्हणत असान तर दोन लावतो. पण थे लुकलुक मांगू नका. थे दवाखान्याच्या गाडीची हाय."

"लुकलुक काय कोणाच्या मालकीची असते?"

"असते, सेक्रेटरीसाहेब. ही हाय."

अनंतरावांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. पण मंडळाच्या कामाला निघाले की छत्री त्यांच्याबरोबर असायचीच. महागावच्या मोटार स्टँडसमोर पूनमसिंगची टिनाची शेड होती. शेडबाहेर जीप उभी, जीपच्या पुढच्या सीटवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा कोरा लाल दिवा. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. एकसष्ट साल.

"भाऊसाहेब अध्यक्ष आहेत मंडळाचे," अनंतराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "मंडळाच्या कामासाठीच फिरतात. त्यांना रस्ता मिळाला तर मंडळाचंच काम लवकर होईल."

"मंडळाच्या कामाले घंटाभर उशीर झाला तर कोनी मरते का?"

"तू फार बोलतोस."

"हाव. घरी बी हेच म्हणतेत."

अनंतराव जीपमध्ये जाऊन बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चल. यवतमाळला काय मिस्त्री नाहीत?"

जनसेवा आरोग्य मंडळाकडे गाडी एकच. लष्कराने मोडीत काढलेली, पांढरा रंग फासलेली व्हॅन. फुलसावंगीकडच्या खेड्यांतून आणि तांड्यांतून आजारी माणूस उचलायचा, महागावला डॉक्टरला दाखवायचा, त्यांनी नकारार्थी मान हलवली तर तसंच पुढे पुसदच्या दवाखान्यात न्यायचा. तिच्या टपावरचा लाल दिवा पूनमसिंगने बसवला होता. आणि त्या दिव्याची लुकलुक, कधी लागायचा, किती वेळ लागायचा, कधी विझायचा, ही त्याने सहा महिने डोकं खाजवून ठरवली होती.

पूनमसिंग फुलसावंगीजवळच्या एका तांड्यातला. आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला, वडिलांनी जमीन धरली, आणि हा सोळाव्या वर्षी नागपूरला जाऊन एका गॅरेजात बॅटऱ्या धुवायला लागला. जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या साली तो परत आला, तेव्हा त्याच्याकडे एक पेटी होती आणि ॲसिडने भोकं पडलेले चार शर्ट. मोटर बिघडली की तो पेचकसाचं टोक मोटरला लावायचा, मूठ कानाला, डोळे मिटायचा. मग सांगायचा, "ब्रश घासले." खोललं की ब्रश घासलेलेच निघायचे. रागीट मात्र पहिल्यापासून. गिऱ्हाइकाने स्वतः तार जोडायचा प्रयत्न केलेला दिसला की गाडीला हात लावण्याआधी तो त्या गिऱ्हाइकाला पाच मिनिटं बोलून घ्यायचा.

व्हॅनचा ड्रायव्हर देवसिंग त्याच्याकडे आला तो तक्रार घेऊन. "भिया, घंटी वाजवून हात दुखला, भोंगा वाजवून बॅटरी बसली. कापसाच्या गाड्या हटत नाईत. बैलाच्या गळ्यात घुंगरं, चाकाचा आवाज, गाडीवान अर्धा झोपेत. त्याले काय ऐकू येते?"

"मंग त्याले दाखवलं पाह्यजे."

"त्याचं तोंड समोर असते. मी मांगून येतो."

पूनमसिंग त्या संध्याकाळी देवसिंगच्या शेजारी बसून फुलसावंगीच्या रस्त्याने गेला. पुढे कापसाच्या गाड्यांची रांग. व्हॅनचा दिवा पेटवला आणि त्याला दिसलं ते देवसिंगला रोज दिसत असून कधी दिसलं नव्हतं. गाडीवानाने मागे वळून बघायची गरजच नव्हती. त्याच्या समोरच्या गाडीत जो कापूस रचलेला होता, तो लाल झाला होता.

"बस," पूनमसिंग म्हणाला. "कापूसच सांगीन त्याले."

पण सरळ लागलेला लाल दिवा काय सांगणार? बसच्या मागेही लाल दिवा असतो. मग त्याने लुकलुकता केला, एक लागला, एक विझला, सारख्या अंतराने. देवसिंग दुसऱ्या दिवशी हसत आला. "गाडीवान म्हणते, ट्रकची वायर ढिली झाली असन." खरंच होतं. त्या रस्त्यावर निम्म्या ट्रकांचे दिवे खड्ड्याखड्ड्याला तसेच लुकलुकत.

म्हणजे असं काहीतरी हवं होतं जे ढिली वायर करू शकत नाही. ढिल्या वायरीला मोजता येत नाही. पूनमसिंगने एका मोडक्या गाडीची वायपरची मोटर घेतली, तिला संथ केलं आणि तिच्यावर एक पितळी चकती बसवली, रुपयाहून थोडी मोठी. चकतीच्या कडेला कानशीने खाचा पाडल्या. कडेवर दिव्याच्या वायरीचा एक पॉइंट टेकवला. तो उंच भागावर चढला की दिवा लागणार, खाचेत उतरला की विझणार. चकतीवर दोन आखूड उंचवटे आणि मग लांबलचक खाच. लाल, लाल, मग अंधार. लाल, लाल, मग अंधार. पॉइंटमधलं अंतर केसभर जास्त झालं तर पहिला लाल अर्धवट यायचा. तो कागदासारखी पत्ती घालून अंतर मोजायचा, पुन्हा घासायचा, पुन्हा मोजायचा. अकरा चकत्या त्याने फेकल्या. बारावी डब्यात बंद करून व्हॅनच्या डॅशबोर्डखाली बसवली.

मग सायकलच्या कॅरिअरला बॅटरी बांधून, हँडलला दिवा अडकवून तो तांड्या-तांड्यांतून फिरला. तांड्याच्या नायकाच्या घराच्या भिंतीवर दिवा मारायचा आणि सांगायचा: हा असा दिसला की गाडी एका बाजूनं खाली घ्यायची. कोनाचा तरी जीव चालला समजा.

सुखीबाई नावाची बाई राहत होती त्या तांड्यात त्याने दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा करायला लागला तर ती दोन बोटं दाखवत म्हणाली, "दी, मग थांब. दी, मग थांब. समजलं रे बापा. आम्ही काय बैल हाओत?"

"माह्या बैलाले बी शिकव," मागून गाडीवान हिरासिंग म्हणाला. "मी तर झोपतो. गाडी थोच हाकते."

सगळे हसले. पण ते शिकले. त्या वर्षीच्या हंगामात देवसिंग सांगायचा, रांगेतल्या शेवटच्या गाडीने बाजू घेतली की पुढच्या एकामागून एक उतरत जातात, कोणी हाक मारत नाही, कोणी विचारत नाही. भरलेली गाडी रस्त्यावरून काळ्या मातीत उतरवणं म्हणजे चेष्टा नाही. चाक रुततं, ओझं कलतं, परत वर चढवायला दुसऱ्याचे बैल जोडावे लागतात. ते हे सगळं करायचे, दोन लाल आणि एका अंधारासाठी.

हे भाऊसाहेबांनी एकदा व्हॅनमध्ये बसून पाहिलं. आणि त्यांना एवढंच दिसलं की रस्ता मोकळा होतो.

जीप यवतमाळहून आठवड्यात परत आली. स्टँडसमोरून गेली तेव्हा दिवस मावळला होता, आणि शेडच्या टिनावर उजेड पडला. लाल, लाल, मग अंधार. पूनमसिंगच्या हातातला कप हातातच राहिला.

त्याने व्हॅनमधला चकतीचा डबा उघडला. मंडळाने मध्ये दोन दिवस ती "रंग द्यायला" नेली होती. चकती जागेवर होती, पण तिच्या पाठीला पेन्सिलीची रेघ लागली होती, कडेकडेने, खाचांतून सुद्धा. कोणीतरी ती कागदावर ठेवून गिरवून घेतली होती.

तो तसाच भाऊसाहेबांच्या घरी गेला. भाऊसाहेब, म्हणजे मधुसूदनराव, ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी बस म्हटलं. तो बसला नाही.

"भाऊसाहेब, तुमी माही चकती चोरली."

"अरे, चोरली काय म्हणतोस? मंडळाची गाडी, मंडळाची वस्तू. यवतमाळचा मिस्त्री तुझं कौतुक करत होता. म्हणाला, डोकं आहे या माणसाला."

"डोकं हाय म्हणूनच सांगून राह्यलो. गाडीवान दोनदा, चारदा बाजूले होतीन. मंग मांगून कोन गेलं हे पाहतीन. जीपीत तुमी दिसान. पाचव्या खेपेले कोनी होनार नाई. ना तुमच्यासाठी, ना पेशंटासाठी."

"लोक पेशंटला रस्ता देतात, मग मंडळाच्या अध्यक्षाला देणार नाहीत? मंडळ उभं कोणी केलं?"

"बरं मंग. तुमची राहू द्या. मी व्हॅनची बदलतो. तीन करतो. लाल, लाल, लाल, मग अंधार. तांड्यांत जाऊन सांगून येतो पुन्हा."

भाऊसाहेब झोपाळ्याला पायाने हलकासा झोका देत म्हणाले, "कर ना. चांगली कल्पना आहे. फक्त माझ्या जीपलाही तीन करून दे."

पूनमसिंगला आधी ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती.

"आणि हे बघ," भाऊसाहेब पुढे म्हणाले, "मंडळाला विचारल्याशिवाय व्हॅनला हात लावायचा नाही. लावलास तर अनंतराव दुसरा माणूस बघतील."

घरी आल्यावर बायको बसंतीबाई म्हणाली, "किल्ली देवसिंगकडं हाय ना? मंग बदलून टाक गुपचूप."

"बदललं आन् लोकांले सांगितलं नाई, तर गाडीवान म्हणतीन हे आनखी कोनतं? सांगाले गेलो, तर जीपवाले बी ऐकतीन."

"मंग काय करतोस?"

त्याने भाकर अर्धी ठेवली आणि हात धुवायला उठला.

पौष निम्मा सरेपर्यंत ते घडत गेलं, तो म्हणाला होता तसंच, फक्त पाच खेपाही लागल्या नाहीत. हिरासिंगने एकदा भरलेली गाडी खाली घेतली, ती कलली, आख मोडला. बाजूने जीप गेली. आत भाऊसाहेबांची व्याही मंडळी, मांडीवर संत्र्यांची टोपली. त्यातल्या एकाने हिरासिंगकडे बघून नमस्कारही केला म्हणे. हिरासिंगने ती गोष्ट महागावच्या बाजारात सांगितली, फुलसावंगीत सांगितली, रात्रीच्या उताऱ्यावर चिलीम ओढताना सांगितली. दर वेळी लोक हसले, आणि दर हसण्याबरोबर एकेक गाडीवान ठरवत गेला की आता आपण रस्ता सोडायचा नाही.

सुखीबाईची लेक जमनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बुधवारी दुपारपासून ती अडली. सुईणीने हात टेकले, तांड्यातल्या एका पोराने सायकल मारत जाऊन व्हॅन बोलावली. दिवेलागणीला देवसिंगने तिला आत झोपवलं, सुखीबाई पायाशी बसली, आणि फुलसावंगी सुटून दोन मैलांवर पुढे कापसाच्या गाड्या लागल्या. सदतीस. हा आकडा देवसिंगने नंतर सांगितला, कारण एकेक गाडी बाजूला होईपर्यंत त्याला तिच्यामागे थांबावं लागलं.

दिवा लागला होता. लाल, लाल, मग अंधार. शेवटची गाडी हलली नाही. तिच्यापुढची हलली नाही. देवसिंग ओरडला, भोंगा वाजवला. कोणीतरी मागे न बघताच म्हणालं, "संत्री खराब होऊन राह्यली का भाऊसाहेब?" आणि रांगभर हसू गेलं.

सुखीबाई व्हॅनमधून उतरली आणि रांगेच्या बाजूने धावत निघाली. तेव्हा गाड्या हलल्या. जे गाडीवान उतरले ते तिच्या तोंडाकडे न बघता उतरले. पण सदतीस गाड्या अंधारात काळ्या मातीत घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागलाच. पुसदला पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायचं होतं. जमनी वाचली. मूल गेलं. मुलगी होती.

शनिवारी मंडळाने बैठक बोलावली. फुलसावंगीकडची माणसं सकाळपासून मंडळाच्या व्हरांड्यात येऊन बसली होती, काही बोलत नव्हती, आणि ती बोलत नव्हती म्हणूनच बैठक बोलवावी लागली. आत टेबलामागे भाऊसाहेब, शेजारी अनंतराव, समोर पूनमसिंग उभा. सुखीबाई दाराशी भिंतीला टेकून.

अनंतरावांनी कागद पुढे केला. "वाच. मराठी येतं ना?"

पूनमसिंगने वाचलं, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, कोर्टातला शिपाई पुकारा करतो तसं. "'बुधवारी रुग्णवाहिकेचा इशारा-दिवा वायरिंगमधील दोषामुळे बंद होता. त्यामुळे गाडीवानांस सूचना मिळाली नाही. यापुढे वायरिंगची नियमित तपासणी करीन.' खाली माहं नाव."

"सही कर," अनंतराव म्हणाले. "कोणी तुला शिक्षा करत नाही. मशीन आहे, बिघडतं. विषय इथेच मिटेल."

"कोनाचा?"

"सगळ्यांचाच."

"सेक्रेटरीसाहेब, म्या सही केली तर दिवा बिघडला ठरते. दिवा बिघडला तर जीप चांगली ठरते. हे कागद नाई, हे जीपीचं लायसन हाय."

"आवाज खाली."

"माहा आवाज खालीच हाय. तुमी वरचा ऐकला नाई अजून." त्याने खिडकीबाहेर हात केला. "देवसिंग, लाव."

व्हॅन खिडकीला तोंड करून उभी होती. दिवसाचा उजेड असूनही मंडळाच्या चुन्याच्या भिंतीवर, भाऊसाहेबांच्या डोक्यामागे, दिसलं. लाल, लाल, मग काही नाही. लाल, लाल, मग काही नाही. पूनमसिंग बोटांनी मोजत राहिला, वीसदा.

"आज चालतोय," अनंतराव म्हणाले. "त्या दिवशी चालत नसेल."

"चालत होता."

आवाज दारातून आला होता. हिरासिंग आत आला. पागोटं त्याच्या हातात होतं, डोक्यावर नव्हतं.

"म्या पाह्यला," तो म्हणाला. "शेवटची गाडी माहीच होती. समोरच्या गाडीचा कापूस दोनदा लाल झाला, मंग पांढरा. पुन्हा दोनदा लाल. चांगला मोजला म्या. पूनमसिंगच्या कामात खोट नाई."

"मग बाजूला का झाला नाहीस?" अनंतरावांना वाटलं सापडला. त्यांचा आवाज चढला. "दिवा दिसत होता, तुला शिकवलं होतं, तरी तू गाडी हटवली नाहीस. एका बाईचा जीव—"

"मले वाटलं, भाऊसाहेब हायेत."

त्याने ते सरळ सांगितलं, कोणाला टोचायला नाही. मग तो सुखीबाईकडे वळला. "याडी, माय, संत्र्याचं मीच बोललो थ्या दिवशी. मीच हासलो."

सुखीबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे केली. क्षमा मागायला आलेल्याला ती देण्याची तिला त्या दिवशी काही गरज वाटली नाही. आणि का वाटावी?

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "हे पाहा, झालं ते वाईटच झालं. मंडळाला दुःख आहे. आपण गाडीवानांना एक परिपत्रक काढू. दिवा दिसला की बाजूला व्हायलाच पाहिजे, मग आत कोणी का असेना. शिस्त म्हणून—"

"परिपत्रक बैल वाचतेत का?" पूनमसिंग म्हणाला.

त्याने खिशातून पेचकस काढला आणि त्या न सही केलेल्या कागदावर ठेवला.

"जीपीच्या दिव्याले चार स्क्रू हायेत, भाऊसाहेब. पाच मिनिटं लागतीन. मी काढू का तुमी काढता? दिवा उतरला का मी आजच सायकल घेऊन निघतो. तांड्या-तांड्यांत सांगतो, आता दोन लाल म्हनजे पेशंटच. मले पुन्हा सारं सांगा लागन, महिना जाईन, पण सांगतो. दिवा जीपीवर राह्यला तर मी कोनाले काय सांगू?"

"पूनमसिंग, बैठकीत असं—" अनंतराव उठायला लागले.

"तुमी बसा," सुखीबाई म्हणाली.

अनंतराव खरंच बसले. ती भिंतीपासून निघून टेबलापाशी आली, पदर नीट केला, आणि भाऊसाहेबांच्या समोर उभी राहिली. तिचा आवाज कोरडा होता.

"तुमचं नाव मोठं हाय. गाडी तुमी आनली, नाई म्हनत नाई. माही लेक थ्याच गाडीत होती. मी रस्त्यानं धावत होती, तवा लोकांले सांगत होती, भाऊसाहेब नाई रे, माही जमनी हाय. प्रत्येकाले सांगा लागलं मले. सदतीस वेळा. उद्या कोना दुसरीले हे सांगा लागू नाई. एवढंच इचारते. दिवा काढता का?"

व्हरांड्यातली माणसं उठून दाराशी आली होती. पूनमसिंगने पेचकस मुठीकडून भाऊसाहेबांकडे वळवला.

मधुसूदनरावांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग पेचकसाकडे, मग भिंतीवर अजून लागत-विझत असलेल्या लाल उजेडाकडे. सुखीबाईकडे पाहिलं नाही. त्यांनी टेबलावरची टोपी उचलली, ती दोन्ही हातांनी डोक्यावर सारखी केली, खुर्ची मागे सरकवली. दारातल्या माणसांनी त्यांना वाट करून दिली. ते त्यांच्यामधून बाहेर गेले आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून, बाहेर उभी जीप तशीच मागे ठेवून, पायीच घराकडे चालू लागले. पूनमसिंगने पेचकस उचलला आणि जीपकडे निघाला.